बोकडानं काय खाल्लं, ते विचारा

पोळ्याची कर आली की नागपुरात मटणाच्या दुकानांपुढं सकाळपासून रांगा लागतात. रांगेतला माणूस भाव विचारतो, मांडीचं द्या म्हणतो, दोन नळ्या टाका म्हणतो, चरबी जास्त नको म्हणून बजावतो. हा बोकड कुठल्या गावचा, काय खाऊन वाढला, हे विचारणारा मला फार क्वचित भेटला. मी पशुवैद्यक आहे. नोकरीची बहुतेक वर्षं हिंगणा, काटोल, उमरेड या पट्ट्यात बकऱ्यांच्या मागं गेली, आता निवृत्त आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. मटणाचा वास, चव, मऊपणा आणि ते खाऊन अंगाला काय लागतं, यातलं बरंचसं खाटकाच्या सुरीच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं, बकऱ्यापुढं रोज काय पडतं तिथं. म्हणून आज दोघांशी बोलायचं आहे: बकऱ्या पाळणाऱ्यांशी आणि रांगेत उभ्या असणाऱ्यांशी.

चाऱ्यानं मांस कसं बदलतं याचा जगात सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो गोमांसावर. अमेरिकेत बैलांना शेवटचे चार-सहा महिने मोठमोठ्या वाड्यांत मक्यावर ठेवतात. त्यांची चरबी पांढरी होते आणि मांसात तिच्या बारीक रेघा उतरतात. गवतावर वाढलेल्या जनावराची चरबी पिवळसर असते, कारण हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन गोवंशाच्या चरबीत साठतं. त्या मांसात ओमेगा-3 आणि ई जीवनसत्त्व जास्त असतं, आणि या ई मुळं मांसाचा लाल रंग जास्त वेळ टिकतो. जपानी शेतकरी भाताच्या पेंढ्याला भरपूर धान्याची जोड देतात आणि मधले काही महिने अ जीवनसत्त्व बेतानं ठेवतात, कारण ते कमी असलं की मांसात चरबी जास्त मुरते. म्हणजे तिथला शेतकरी चाऱ्याच्या टोपलीतून मांस घडवतो, आणि घेणारा त्याचे पैसे मोजतो.

महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यानं गाय आणि 2015 च्या दुरुस्तीनं बैल-वळूही कत्तलीबाहेर आहेत. तेव्हा आपल्याकडं हा विचार लावायचा तो मुख्यतः बोकडाला. 2019 च्या पशुगणनेत राज्यात 1 कोटी 6 लाख शेळ्या-बकऱ्या मोजल्या गेल्या. विदर्भाची तर स्वतःची जात आहे, बेरारी. अकोला-अमरावतीपासून वर्धा-नागपूरपर्यंत ती पसरलेली आहे आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडं तिची नोंद आहे. ऊन सोसणारी, काट्याकुट्यातून पोट भरणारी, या मातीची बकरी. आणि तिलाच आपण आता अमेरिकेतल्या बैलासारखं खायला घालू लागलो आहोत.

हे मी उगाच म्हणत नाही. अलीकडं बंदिस्त शेळीपालन सुरू करणारी तरुण मुलं भेटतात. शेड चांगली, जाळी चांगली, मेहनतही करतात. मोबाईलवर पाहून शेवटचे दोन महिने बोकडाला मका आणि ढेप खच्चून घालतात. वजन वाढतं, काट्यावर आकडा चढतो, पोरगं खूश. बोकड कापल्यावर मात्र खाटीक पोटातून चरबीचा ढीग काढून बाजूला टाकतो आणि पुढच्या वेळी भाव पाडून मागतो. पोराला वाटतं, खाटीक फसवतो. खाटीक फसवत नसतो. बकरीची जातच तशी आहे. ती जादा खाल्लेलं आधी पोटात साठवते, आतड्यावरच्या पडद्यात आणि गुर्द्यांभोवती. कातडीखाली आणि मांसात चरबी येते ती फार उशिरा, तीही थोडी. बैलाला महिनोन्‌महिने मका दिला तर मांस रसरशीत होतं. बोकडाला तसाच दिला तर त्याचं पोट तेवढं चरबीनं भरतं. तुमच्या महागाच्या मक्याची चरबी झाली आणि ती मटणाच्या भावानं विकली गेली नाही, एवढाच हिशेब उरतो.

दुसरा प्रकार वासाचा. बोकडाच्या मटणाला उग्र वास येतो म्हणून कित्येक घरांतल्या बायका ते शिजवायलाही तयार नसतात. हा वास चरबीतल्या काही विशिष्ट, फांद्या फुटलेल्या आम्लांचा असतो. वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या बोकडात ती सगळ्यात जास्त, हे पाळणाऱ्या प्रत्येकाला नाकानंच ठाऊक आहे. खाद्याचाही त्यात हात असतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मेंढ्या-बकऱ्यांना धान्याचा मारा केला की त्यांच्या शरीरात अशी फांद्यांची आम्लं जास्त बनतात, चरबी मऊ, चिकटसर होते आणि तिचा वास बदलतो. नुसत्या कोवळ्या, प्रथिनांनी ठासलेल्या हिरव्या चाऱ्यावर, म्हणजे फक्त लसूणघासावर ठेवलं, तरी वेगळ्या कारणानं वास येतो: जादा प्रथिनं पोटात कुजतात. त्यावर उतारा म्हणजे तुरट पाला. बाभळीचा पाला आणि शेंगा, बोरीचा पाला, यांतलं टॅनिन पोटातली ही कुजण्याची क्रिया आवरतं आणि जंतांचाही जोर थोडा कमी करतं. आपल्या आज्या बकऱ्या बांधावर सोडायच्या त्या चारा फुकट मिळतो म्हणून. पण मटण चांगलं होण्यामागं तो बांधच होता.

एकदा हिंगण्याकडच्या एका वस्तीतून सकाळी निरोप आला, बकऱ्या पडल्या. जाऊन पाहतो तर आदल्या रात्री गावात लग्न होतं आणि उरलेला भात-पोळी मायमाऊलीनं मोठ्या प्रेमानं बकऱ्यांपुढं ओतली होती. अन्न वाया का घालवायचं, हा तिचा विचार. सातातल्या तीन मेल्या होत्या, दोन दात खात, पोट फुगून पडलेल्या. मी होतं नव्हतं ते सगळं केलं, एक वाचली. त्या बाईचं वर्षाचं उत्पन्न त्या भातात गेलं. झालं होतं असं, की बकरीच्या मोठ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात, आणि ते पाला-कुटार आंबवण्याच्या सवयीचे असतात. त्यांच्यावर एकदम शिजलेला भात, मका, पोळी पडली की आम्ल तयार होतं, पोट आंबट होऊन जातं, जनावर कोलमडतं. आंत्रविषाराचा जंतूही अशा वेळीच उसळतो. त्याची लस पावसाळ्याच्या तोंडावर टोचून घ्या, सरकारी दवाखान्यात विचारा. पण लस टोचली म्हणून पंगतीचा भात घालता येतो असं नाही. धान्य द्यायचंच असेल तर मूठभरापासून सुरुवात करून 10-14 दिवसांत वाढवत न्या.

आता द्यायचं काय, ते सांगतो.

पोट भरायला कुटार आणि पाला. विदर्भाइतकं चांगलं कुटार फार कमी ठिकाणी मिळतं आणि तेच आपण धुऱ्यावर पेटवतो. तुरीचं कुटार बकरीसारखं दुसरं कुणी आवडीनं खात नाही. हरभऱ्याचं आहे, सोयाबीनचं आहे. भाताच्या तणसात मात्र प्रथिनं 3-4 टक्केच, नुसत्या तणसावर बोकड वाढत नाही. सुबाभळीचा पाला प्रथिनांनी भरलेला, पण त्यात मिमोसिन असतं आणि अति झालं तर केस गळतात. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा. एप्रिल-मे मध्ये हिरवं काहीच नसतं तेव्हा बाभळीच्या शेंगा गळतात. पोरांना लावून त्या गोळा करा, पोत्यात भरून ठेवा. उन्हाळ्यात उपाशी राहिलेलं आणि पावसाळ्यात घाईनं फुगवलेलं पिल्लू कधीच चांगलं मटण देत नाही. वाढ थांबून-थांबून झाली की बोकड वयानं मोठा होतो, मांस राठ होतं आणि वजन तेवढंच राहतं. थोडं का होईना, रोज आणि बाराही महिने मिळालं पाहिजे.

वर थोडा खुराक. घरीच करा: मक्याचा भरडा 40 किलो, सरकीची ढेप 25, तूर-हरभऱ्याची चुनी 20, गव्हाचा कोंडा 12, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1. शंभर किलोत प्रथिनं 14 टक्क्यांच्या आसपास बसतात. वीस किलोच्या वाढत्या बोकडाला यातलं 200 ते 250 ग्रॅम रोज पुरे. सोयाबीनची ढेप वापरणार असाल तर सरकीच्या निम्म्यानं घ्या, तिच्यात प्रथिनं 45 टक्क्यांच्या घरात असतात, सरकीत 22 च्या. सरकीबद्दल एक सावधगिरी. तिच्यात गॉसिपॉल नावाचं विष असतं. मोठ्या बकरीचं पोट ते पचवतं, तीन-चार महिन्यांच्या आतलं पिल्लू पचवू शकत नाही. पैदाशीच्या बोकडालाही सरकी बेतानंच, त्याच्या वीर्यावर परिणाम होतो. आणि खच्ची केलेल्या बोकडाला नुसता कोंडा-मका घालत राहिलात, पाला कमी दिला, तर लघवीच्या नळीत खडे होतात. तो ताणतो, ओरडतो, लघवी होत नाही. खाद्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं, आणि ते पाल्यातून, तुरीच्या कुटारातून आपसूक मिळतं.

बुरशीबद्दल थोडं कडक बोलतो. पावसाळ्यात ढेपेच्या पोत्याला ओल लागते, आत हिरवट-काळी बुरशी धरते, आणि गावोगाव हेच ऐकतो, "माणसाला नाही चालणार, जनावराला चालते." चालत नाही. मक्यावर, शेंगदाण्याच्या आणि सरकीच्या ढेपेवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. ते शिजवून जात नाही, वाळवून जात नाही, जनावराच्या यकृताचा नाश करतं आणि दुधात उतरतं. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले, त्यातल्या 368 नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त निघालं. तिथं पाण्याची भेसळ करणारा गवळी दोषी नव्हता, जनावरापुढं पडलेला दाणा दोषी होता. मांसात त्याचा अंश थोडा, पण जो काही राहतो तो मुख्यतः कलेजीत आणि गुर्द्यात. आणि कलेजी आपण कुणाला खायला घालतो? बाळंतिणीला, अंगात रक्त कमी असलेल्या पोरीला. ढेपेचं पोतं जमिनीवर टेकवू नका, खाली लाकडं टाका, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, महिन्याचीच भरा. बुरशी दिसली तर पोतं उकिरड्यावरही असं टाका की जनावर पोचणार नाही.

रामटेक-मौद्याच्या धानपट्ट्यातल्यांनी आणखी एक पाहावं. बोडीच्या, तलावाच्या काठच्या दलदलीत बकऱ्या चारल्या की गोगलगायींच्या मार्गानं चपटे कृमी पोटात जातात आणि यकृतात घर करतात. ती कलेजी कापताच कळते, टणक, नळ्या जाड झालेल्या. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने काठ टाळा, उंचावर चारा.

आपल्या संत्र्याचीही एक गोष्ट आहे. रस काढल्यावर उरणारी साल आणि चोथा हे जनावरांचं चांगलं खाद्य आहे. त्यातलं पेक्टिन पोटात लवकर आंबतं, पण मक्यासारखं पोट एकदम आंबट करत नाही. ब्राझील तर हा चोथा वाळवून, गोळ्या करून जगभर विकतो. 1998 मध्ये जर्मनीत गाईंच्या दुधात डायॉक्सिन हे घातक रसायन वाढलेलं आढळलं. शोध घेत गेले तर ते निघालं ब्राझीलहून आलेल्या याच संत्र्याच्या चोथ्यात, आणि चोथ्यात आलं होतं तो सुकवताना वापरलेल्या दूषित चुन्यातून. समुद्रापलीकडचा चुना, आणि विष जर्मन पोरांच्या पेल्यात. मला ही घटना आठवते ती काटोल-नरखेड रस्त्यानं जाताना, कडेला सडक्या संत्र्यांचे ढीग आणि त्यावर तुटून पडलेली जनावरं पाहिली की. संत्री द्या, पण ताजी, बुरशी न धरलेली, आणि बागेत शेवटची फवारणी कधी झाली ते विचारून. सुरुवातीला थोडी. बकरीला सालीचा वास आवडेपर्यंत चार दिवस लागतात.

आणि कोंबडीखाद्य बकरीला घालू नका. स्वस्त पडतं, वजन लवकर येतं, म्हणून काही जण घालतात. त्यात कोंबड्यांसाठीची औषधं असतात, ती बकऱ्यांसाठी नसतात. शिवाय त्यात हाडामांसाची भुकटी असू शकते. जनावराला जनावर खायला घातल्यावर काय होतं ते ब्रिटननं भोगलं. 1986 मध्ये तिथं गाईंच्या मेंदूचा रोग ओळखला गेला, 1988 मध्ये गुरांना हाडामांसाची भुकटी घालायला बंदी आली, आणि 1996 मध्ये तिथल्या सरकारला मान्य करावं लागलं की तोच रोग मांसातून माणसात आला असावा. आपल्याकडं अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2020 मध्ये गाई-म्हशी-बकऱ्यांसारख्या दूध-मांस देणाऱ्या जनावरांच्या खाद्यात गोवंशाचं आणि डुकराचं मांस, हाडं, रक्त घालायला मनाई केली. विकतचं खाद्य घेताना पोत्यावर ते कुठल्या जनावरासाठी आहे आणि त्याला मानक ब्यूरोच्या आयएस 2052 चा आधार आहे का, एवढं पाहा. पोत्यावर काहीच छापलेलं नसेल तर घेऊ नका.

औषधांचं थोडक्यात. इंजेक्शन दिल्यानंतर किती दिवस मांस-दूध वापरायचं नाही, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. अंगात लांब टिकणाऱ्या काही प्रतिजैविकांना 28 दिवस थांबावं लागतं. बोकड आजारी पडला, सुई दिली, मान टाकायला लागला म्हणून दुसऱ्या दिवशी विकून टाकला, हे करू नका, भाऊ. पैसा गेला तर फिरून येईल. तुमच्याच गावातल्या कुणाच्या तरी घरी ते शिजणार आहे.

आता शेवटच्या दिवसाकडं येतो, कारण वर्षभराची मेहनत याच दिवशी वाया जाते, आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

जनावराच्या स्नायूत साखरेचा एक साठा असतो. कापल्यानंतर या साखरेचं आम्ल होतं, मांसाचा सामू सातावरून खाली येतो, साडेपाचच्या आसपास थांबतो, आणि त्यामुळंच मटण लालसर, मऊ, टिकाऊ होतं. जनावर घाबरलं, धावलं, उपाशी उभं राहिलं, उन्हात तापलं की ही साखर जिवंतपणीच जळून जाते. मग आम्ल होत नाही, सामू सहाच्या वरच राहतो, आणि मटण काळपट, चिवट, हाताला चिकट लागतं आणि लवकर नासतं. बकरी मुळातच भित्री. टेम्पोत वीस-वीस बोकड पाय बांधून, एकावर एक, मे महिन्याच्या 45 अंशांत, रात्रभर प्रवास आणि सकाळी थेट सुरीखाली. असा बोकड तुम्ही सोन्याच्या टोपलीत खाऊ घातलेला असला तरी त्याचं मटण खराबच होणार. बाजारात आणल्यावर त्याला सावलीत उभं करा, पुढ्यात पाणी ठेवा, ओळखीचा सोबती जवळ राहू द्या. कापण्याआधी 12 तासांच्या वर उपाशी ठेवू नका, आणि पाणी तर शेवटपर्यंत द्या. तासाभराची विश्रांती पुरत नाही, निदान रात्र हवी.

या बाजारातच आणखी एक प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. वजनावर सौदा ठरतो म्हणून आदल्या रात्री बोकडाला मीठ चाटवायचं, म्हणजे तो घटाघटा पाणी पितो, किंवा नळीनं बेसनाचं पाणी पाजायचं. किलो-दोन किलो वजन वाढतं. जनावर रात्रभर फुगून कण्हत असतं. घेणाऱ्यानं पैसे दिले मांसाचे आणि घरी नेलं पाणी. मेहनत करून बारा महिने पाळणाऱ्याला हा प्रकार शोभत नाही, आणि तो करणारे बहुतेक वेळा पाळणारे नसतातच, मधले असतात. म्हणून पाळणाऱ्यांना सांगतो, जमेल तर थेट खाटकाला किंवा गिऱ्हाइकाला विका. पंचवीस किलोच्या चांगल्या बोकडाचं अकरा-बारा किलो मटण पडतं, हा हिशेब दोघांसमोर मोकळा ठेवा. बकरी ईदच्या आधी मोमिनपुऱ्यात येणारी घरं तर बोकडाला दिवसभर पाहतात, दात पाहतात, चालवून पाहतात, कारण त्यांच्या धर्मात वर्षाचा पूर्ण झालेला, निर्दोष बोकड लागतो. ती नजर आपण सगळ्यांनी घ्यायला हवी.

तर आता रांगेतल्या तुम्हाला. ताई, भाऊ, तुमच्या हातात खूप काही आहे.

दुकानात लटकलेल्या बोकडाची चरबी पाहा. बकरीची चरबी पांढरी असते. गाईच्या चरबीत कॅरोटीन साठतं, बकरी त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून बकरीच्या चरबीला पिवळा रंग येत नाही. ती चरबी, आणि तिच्याबरोबर शिरा नि पडदेही पिवळे दिसले, तर जनावराला कावीळ होती. आपल्याकडं याचं एक कारण घाणेरीचा पाला. टंचाईच्या दिवसांत बकऱ्या नाइलाजानं तो खातात आणि यकृत जातं. असं मटण घेऊ नका, आणि कलेजी तर नाहीच. मटण काळपट, बोटाला चिकट लागलं तर तेही नको, ते थकलेल्या जनावराचं आहे. गुर्द्यांभोवती चरबीचा जाड गोळा असेल तर बोकडाला घाईनं फुगवलेलं आहे. डोकं दुकानातच असतं, खालच्या जबड्यात पुढचे दोन मोठे दात आले का पाहा. ते साधारण सव्वा वर्षाच्या सुमारास येतात. अजून दुधाचेच दात असतील तर मटण कोवळं, दोन दाती असेल तर चव भरलेली. चार दाती, सहा दाती बोकड नुसत्या तेला-मसाल्यानं मऊ होत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो.

आपलं सावजी जेवण सगळ्या देशात नावाजलेलं आहे आणि मलाही ते जिवापाड आवडतं. पण काळ्या मसाल्याच्या तर्रीत बोकडाची खरी गोष्ट लपून जाते. म्हणून एक करून पाहा. आणलेल्या मटणातले चार तुकडे बाजूला काढा, हळद-मीठ घालून नुसते शिजवा, आणि ते अळणी पाणी आधी प्या. गोडसर, स्वच्छ चव आली तर बोकड पाल्या-कुटारावर, शांतपणे वाढलेला. वास नाकात चढला, वर मऊ चरबीचा तवंग आला आणि जिभेला चिकटला, तर तो कसा वाढला हे तुम्हाला कुणी सांगायला नको. चार वेळा असं केलंत की कुठल्या दुकानातला माल कसा असतो, ते तुमच्या घरातल्या पोरांनाही कळू लागेल.

मग खाटकाशी बोला. भांडू नका, बोला. आमच्या कित्येक खाटीक बांधवांना जनावराची पारख कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त आहे, पण कुणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत. कुठल्या गावचा आहे, चरून वाढला की बांधून, कधी आणला, रात्री कुठं होता, एवढं विचारा. ज्याला उत्तर देता येतं त्याच्याकडंच पुढच्या वेळी जा, आणि त्यानं वीस-पंचवीस रुपये जास्त मागितले तर द्या. ते पैसे फिरत-फिरत उमरेडच्या त्या बाईपर्यंत जातात, जी उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा वेचून पोत्यात भरते. तिला आज तिच्या शेंगांचे पैसे कुणी देत नाही. ढेप खच्चून घालणारा आणि शेंगा वेचणारी, दोघांना एकच भाव मिळतो, मग ती तरी किती दिवस वेचणार?

बकऱ्या पाळायला नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन भेटावं. आपल्या गावात कुठला चारा कुठल्या महिन्यात मिळतो, त्याची यादी सोबत न्या. कंपनीचं माहितीपत्रक नेऊ नका. यादीवरून तिथले लोक तुम्हाला खुराकाचा हिशेब मांडून देतील. पोळ्याच्या करीसाठी बोकड तयार करायचा असेल तर त्याची सुरुवात श्रावणात होत नाही. आधीच्या दिवाळीच्या सुमारास जन्मलेलं पिल्लू निवडा, तीन महिने आईचं दूध पोटभर पिऊ द्या, पहिल्या महिन्यापासूनच कोवळ्या पाल्याची जुडी टांगून ठेवा म्हणजे त्याचं पोट चाऱ्याला सरावतं. तुरीचं कुटार निघेल तेव्हा वर्षाचं भरून ठेवा, ते यंदा जाळू नका.